धुळबाची खोडलेली ओळ

वस्ताद, आपला एक वाद अर्धवट राहिलाय. तुम्ही निघून गेलात म्हणून तो मी सोडून देईन असं समजू नका. तुमच्या फोटोला हार घातला, नमस्कार केला, चारचौघांत रडलेसुद्धा. पण वाद मिटलेला नाही. रंगात आलेली कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली की तुमचं डोकं कसं फिरायचं, ते मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. मग ही तरी मी बरोबरीत कशी सोडवू?

दारावर आलेले लोक तुमच्या तालमीबद्दल बोलत होते. पठ्ठे, जत्रेतली मैदानं, डोक्यावरचे फेटे. बोलू देत. ते वस्ताद मी पाहिलेले नाहीत. माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुम्ही आलात तेव्हा तुमचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, आणि तो तिथं ठेवायलाही डाव्या हाताची मदत लागली होती. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तुमच्या मंडळींनी, म्हणजे काकूंनी, तुम्हाला रिक्षातून आणलं आणि दारातच मला बजावलं की हे कुणाचं ऐकणारे नाहीत. मी म्हटलं, मग जमेल आमचं, मीही ऐकणारी नाही.

तुमचं चालणं मी लवकर मार्गाला लावलं. मेहनतीला तुम्ही कधी कंटाळला नाहीत, भवानी पेठेतल्या त्या माझ्या दोन खोल्यांत तुमच्याइतका घाम कुणी गाळला नसेल. हाताचं मात्र जमेना. रबराचा गोळा दाबायला दिला तर म्हणालात, कणीक मळायला बसवलं का मला. डाळीतून हरभरे वेचायला दिले तर ताट बाजूला सारलंत. बोटांनी बारीक वस्तू उचलायच्या, फिरवायच्या, सोडायच्या, एवढंच मला तुमच्याकडून हवं होतं आणि ते तुम्हाला कमीपणाचं वाटत होतं. तेव्हा मला आमच्या फाशांची पिशवी आठवली.

रविवारी दुपारी आमच्या घरी वरच्या खोलीत, घरच्या धंद्याच्या टॉवेलच्या गठ्ठ्यांना टेकून आम्ही तिघं एक खेळ खेळायचो. मी, माझा धाकटा भाऊ नरेश आणि शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण शबाना. एकजण गोष्ट सांगतो, त्यातले डोंगर, राक्षस, गावं, संकटं सगळं तो उभं करतो. बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घ्यायचं आणि त्या गोष्टीत शिरायचं. वार बसला की हुकला हे फासे सांगतात. गोष्ट सांगणारी मी. नरेश याला अक्काचा पोरखेळ म्हणतो आणि एकही रविवार चुकवत नाही. फासे बारीक, गुळगुळीत, कुणाला आठ बाजू, कुणाला वीस. तुमच्या बोटांसाठी त्याहून चांगला व्यायाम नव्हता. मी तुम्हाला बोलावलं आणि एकच अट घातली, फासा उजव्या हातानंच टाकायचा. तुम्ही आलात ते काकूंनी हाकललं म्हणून, हे मला पक्कं माहीत आहे.

आधी तुमचं पात्र तयार करायचं होतं. नरेशनं मोबाइलवर चित्रं दाखवली. माणसं, बुटके, लांब कानांचे देखणे लोक, आणि शेवटी ऑर्क. करड्या-हिरव्या कातडीचा, आडदांड, खालचे सुळे ओठांबाहेर आलेला. तुम्ही चष्मा वर करून निरखून पाहिलंत आणि म्हणालात की हा तर दुधनीच्या आमच्या थोरल्या मामासारखा दिसतो. पूर्ण ऑर्क घेता येत नाही, अर्धा घेता येतो, आई-बापांपैकी एक माणूस, असं मी सांगितलं. अर्धा तर अर्धा, तुम्ही म्हणालात.

मग त्याचा पेशा ठरवायचा होता. अर्ध्या ऑर्कला सगळे कुऱ्हाड देतात आणि रागीट लढवय्या करतात. नरेशनं तोच सल्ला दिला. शबाना एकेक पेशा वाचून दाखवत होती. त्यात मंक आला. मठात राहणारा, हत्यार न घेता नुसत्या अंगानं लढणारा, रोज मेहनत करून शरीर आणि मन ताब्यात ठेवणारा, असं तिनं समजावलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"मंजी तालमीतलाच की."

नरेश कळवळून सांगत होता की हे जुळत नाही, मंकला चपळाई लागते, समज लागते, आणि ऑर्कला मिळते नुसती ताकद, दोन्हीकडून नुकसान. त्याचं हिशेबानं बरोबर होतं. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, डाव्या हातानं, आणि म्हणालात, "कुऱ्हाड घिऊन कुनीबी मारतंय. दांडग्याला सवताला आवरता आलं पायजे. तितंच खरी मेहनत हाय." फासे टाकून आलेले आकडे ताकद, चपळाई, समज यांपैकी कशापुढं लिहायचे ते विचारलं, तर सगळ्यात मोठा आकडा तुम्ही 'समज' या शब्दापुढं लिहायला लावलात. ताकद त्याच्या जन्माचीच आहे, ती कुठं जाते, म्हणालात.

त्याचं कूळ सांगताना मी अडखळले. या खेळात अर्ध्या ऑर्कच्या जन्माची जी गोष्ट नेहमी सांगतात, ती चांगली नाही. गावावर धाड पडते, मग मूल होतं, मग ते कुणालाच नको असतं. मी हळू आवाजात सांगायला लागले, तर तुम्ही हातानं थांबवलंत. तसलं नको. आई ऑर्क, बाप मेंढपाळ. मेंढरं वळत डोंगरात गेला आणि तिथंच राहिला. रीतसर लग्न लावून. मग तो मठात कसा गेला, असं शबानानं विचारलं, तर आईनंच धाडला, घरातली भांडी फोडायला लागला होता म्हणून. पोराला दोन्ही भाषा येतात, हेही तुम्ही मला लिहायला लावलंत. तुम्ही स्वतः आईशी कन्नडात बोलत मोठे झालेले, आमच्या घरात तेलुगू, शबाना चिडली की दखनी उर्दूत सुटते. त्या खोलीत अशा पोराचं कुणाला नवल वाटलं नाही. नाव तुम्ही आजोबांचं दिलंत, धुळबा.

इथपर्यंत सगळं छान होतं.

अर्ध्या ऑर्कला रक्तातूनच एक देणगी मिळते. मार खाऊन त्याचे जिवाचे सगळे पॉइंट संपले, तो पडला, तरी दिवसातून एकदा तो मरत नाही. एक पॉइंट घेऊन पुन्हा उभा राहतो. अर्धा ऑर्क घेणारे लोक बहुतेक याच एका ओळीसाठी घेतात. मी ती ओळ वाचली. तुम्ही पुन्हा वाचायला सांगितलीत. मग माझ्या हातातलं पेन घेतलंत, उजव्या हातानं, झटक्यानंतर पहिल्यांदा, आणि ती ओळ खोडलीत. वाकडीतिकडी रेघ, मध्ये दोनदा पेन निसटलं, पण शेवटपर्यंत नेलीत. तुमच्या बोटांनी पेन धरलं म्हणून मी नाचायचं, की चांगली मिळालेली देणगी खोडली म्हणून भांडायचं, हे मला कळेना. मी भांडले. तेच मला बरं जमतं.

"पडला की पडला," तुम्ही म्हणालात. "चीत झाल्यावर उटून लडायचं ही बेमानी हाय."

आणि मग मोडनिंबच्या मैदानाची ती गोष्ट, जी पुढं मला तोंडपाठ झाली. मोठी कुस्ती, सगळं मैदान तुमच्या बाजूचं, झोंबाझोंबीत तुमची पाठ क्षणभर मातीला लागली. पंच पलीकडच्या बाजूला होते, कुणालाच दिसलं नाही. ते लढा म्हणत होते. तुम्ही स्वतः उभे राहिलात आणि म्हणालात, टेकली. समोरच्याला खांद्यावर घेऊन लोक नाचले आणि तुम्ही अंगावरची माती झटकून घरी आलात. ही गोष्ट सांगताना तुमची मान जरा ताठ व्हायची. मलाही दर वेळी अभिमान वाटायचा आणि दर वेळी मी वाद घालायचे. चीत होणं वेगळं, पडणं वेगळं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी पडलेल्यांना उठवते, तीच माझी भाकरी आहे, तुम्हालाही मीच उठवलंय. तुम्ही म्हणायचात, ते दवाखान्यात. मग नरेश म्हणायचा, अक्का, राक्षस वाट बघतोय. मग आपण पुढं खेळायचो.

वस्ताद, ते रविवार तुम्ही मला दिलेत, त्याचं ऋण मी मानते. धुळबा लढाईआधी वाकून माती कपाळाला लावायचा आणि समोरच्याशी हात मिळवायला जायचा. त्यात त्याची पहिली खेळी फुकट जायची आणि समोरचे ते खुजे चोर त्याला भाले खुपसून मोकळे व्हायचे. कितीदा सांगितलं की हे लोक सलामी घेत नाहीत. घेतील की, आपन दिऊन बगायची, म्हणायचात. कुणालाही मारलं नाहीत, फक्त उताणं पाडलंत आणि सोडून दिलंत. मला नवे शत्रू तयार करायची गरजच उरली नव्हती, जुनेच फिरून यायचे. आणि एकदा, वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले तेव्हा तुम्ही नकळत मांडीवर शड्डू ठोकलात. उजव्या हातानं. तो आवाज खोलीभर घुमला. शबानाचा चहा सांडला. तुम्ही आपल्या तळहाताकडं बघत बसलात आणि मी खिडकीपाशी जाऊन उगाच पडदा नीट करत राहिले. माझ्या कामात असा आवाज क्वचित ऐकायला मिळतो.

शेवटच्या रविवारी धुळबा दरीवरच्या झुलत्या पुलाच्या तोंडाशी उभा होता. समोर दगडी राक्षस. नरेश आणि शबानाची पात्रं पूल ओलांडत होती, त्यांना वेळ मिळावा म्हणून तो एकटा मागं थांबला होता. अंगातले पॉइंट बरेच गेलेले. उशीर झाला म्हणून आम्ही तिथंच थांबलो. पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. न्हाणीघरात पाय घसरून पडला होतात.

हाड मोडलं नव्हतं. तुमच्या घरी येऊन पाहिल्यावर मला हायसं वाटलं, थोड्याच दिवसांत पुन्हा उभं कराल स्वतःला, असं मी धरूनच चालले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलेले. पाय उचला म्हटलं, उचलला नाहीत. हात द्या म्हटलं, दिला नाहीत. मी चिडले, समजावलं, चेष्टा केली, तुमचा धुळबा पुलावर ताटकळतोय म्हणून सांगितलं. त्याच्यासारखंच करा, म्हटलं, एक पॉइंट घेऊन उठा, बाकी माझ्यावर सोडा. तेव्हा तुम्ही तोंड वळवलंत.

"ते खोडलंय, बाई," तुम्ही म्हणालात. "आता बास."

आपलं शेवटचं बोलणं ते. मी पुन्हा येते म्हणाले, आणि आलेही, पण तुम्ही डोळे उघडले नाहीत. मग दुसरा झटका आला. मला आजही समजत नाही की ते तत्त्व होतं की थकवा. तत्त्व असेल तर मला भांडायचंय. थकवा असेल तर, वस्ताद, तसं म्हणायचं होतं. मी शेजारी बसून राहिले असते. व्यायाम सोडून दुसरंही काही मला येतं.

तेराव्यानंतर आम्ही तिघं वरच्या खोलीत बसलो. शबाना म्हणाली, आता खेळ बंद करू या, तिच्याच्यानं धुळबाच्या त्या कागदाकडं बघवत नाही. नरेशनं मधला मार्ग काढला. राक्षस आपोआप परत जातो, धुळबा डोंगर चढून मठात जातो, आपण त्याला निरोप देतो, झालं. नरेशचा जीव चांगला आहे. पण ती नुरा कुस्ती झाली असती, आधीच ठरवून लढलेली, आणि तुम्ही नुरा लढणाऱ्याच्या हातचं पाणी घ्यायचा नाहीत. मी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. खेळ बंद होणार नाही आणि ती लढत फाशांवर पुरी होईल. मग पडला तर काय, नरेशनं विचारलं. ओळ तुम्ही खोडलेली. तुमचं पात्र, तुमचा शब्द.

शनिवारी मी काकूंकडं गेले. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं की आमच्या खेळातला तुमचा तो गडी आता कुठं आहे. मी सगळं सांगितलं, पूल, राक्षस, खोडलेली ओळ, बेमानी, मोडनिंबचं मैदान. मोडनिंबचं नाव काढल्यावर त्यांचा हात थांबला.

"टेकली म्हनले, ते बरूबर केलं," काकू म्हणाल्या. "पर त्या कुस्तीनंतर ह्ये पुन्ना मैदानात उतरलेच न्हाईत. सालभर खाटंवर पडून हुते. मी परतपरत सांगत हुते, पुडल्या जत्रंला उतरा. उतराय पायजे हुतं की."

वस्ताद, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. इतक्यांदा ती गोष्ट सांगितलीत आणि दर वेळी माती झटकून घरी येण्यापाशी थांबलात. त्या मैदानात तुम्ही खरं बोललात, त्याला माझा दंडवत. पण घरी येऊन जे पडून राहिलात, ते खरेपणाच्या नावावर कशाला मांडलंत? हरल्याचं कबूल करणं तुम्हाला उत्तम येत होतं. पुढची कुस्ती लढणं तुम्ही दुसऱ्यांना शिकवलंत. पट्टीचे पठ्ठे तयार केलेत, पडलेल्या पोरांना दंडाला धरून उठवलंत, हे दारावर आलेला जो तो सांगत होता. म्हणजे उठवण्यावर तुमचा विश्वास होता. फक्त स्वतःला त्यातून वगळलं होतंत. मला राग आला, आणि त्या रागातच मी घरी आले. पायऱ्या चढताना ठरलं होतं.

काल रविवार होता. कागद मध्ये ठेवला. धुळबाचे फासे शबानानं टाकायचे ठरले. मी माझे फासेही सगळ्यांसमोर टाकले, एरवी आडोशाला टाकते. धुळबानं आधी माती कपाळाला लावली, ते शबाना विसरली नाही. त्यात त्याची एक खेळी गेली. मग त्यानं राक्षसाच्या पायाला मिठी घातली, फासा कमी पडला, पाय हलला नाही. राक्षसाचा वार मात्र बसला. मी आकडे मोजले, पुन्हा मोजले. धुळबाचे पॉइंट संपले.

"पडला," मी सांगितलं.

नरेश खाली बघत होता. मी पेन घेतलं आणि तुमच्या त्या वाकड्या रेघेखाली, माझ्या अक्षरात, तीच ओळ पुन्हा लिहिली. तुमची रेघ मी पुसली नाही, ती तुमची आहे, तशीच राहील. शबानानं कागद ओढून वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

"वस्ताद नक्को बोलते थे ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, ते नाहीच म्हणाले असते. आणि मी ऐकलं नसतं.

धुळबा उठला, वस्ताद. एकच पॉइंट अंगात, पण उठला. राक्षसाचा पुढचा वार हुकला, फासा सगळ्यांनी पाहिला, मी त्याला हात लावला नाही. मग तो लढला नाही. राक्षसाकडं पाठ करून, दोरांना धरत, हळूहळू पूल ओलांडून आमच्याकडं आला, आणि नरेशनं दोर कापले. यात फुकटचं काही नाही. प्रत्येक अर्ध्या ऑर्कला जे मिळतं तेवढंच दिलंय. तुम्हाला हे बेमानी वाटत असेल तर वाटू दे. इथं पंच मी आहे.

थकायचा हक्क तुम्हाला होता. तो मी तुमच्याकडून काढून घेत नाही, रडत का होईना, मान्य करते. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत तेव्हा मी काय करू शकत होते, हा विचार मी यापुढं करणार नाही. तुमच्यावर माझं चाललं नाही. धुळबावर चाललं.